महिला दौडीत ट्रान्सजेंडर ताईचा फॉर्म आलाय, बक्षिसाचं काय करायचं? मंडळात एकमत होईना

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण आमच्या मंडळात यावर तीन मीटिंगा झाल्या, आवाज चढले, एकजण उठून गेला आणि निकाल काय लागला नाही.

आमचं तरुण मंडळ सहा वर्षं झाली जानेवारीत ५ किलोमीटरची महिला दौड घेतंय. दसरा चौकातून सुटायचं, रंकाळ्याकडनं वळून परत. पहिल्या वर्षी जेमतेम चाळीस जणी होत्या, आता साडेतीनशेच्या वर जातात. त्यातल्या बऱ्याच हौशी, नऊवारी नेसून चालणाऱ्या काकूपण असतात आणि त्यांच्यासाठीच आम्ही हे सुरू केलं होतं. पण पुढच्या तीस-चाळीस पोरी म्हणजे नाद नाही करायचा. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडनं पहाटेच्या एसटीनं येतात, निम्म्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. पहिलं बक्षीस ११ हजार, दुसरं ७, तिसरं ५. गेल्या वर्षी दुसऱ्या आलेल्या पोरीनं पाकीट स्टेजच्या मागंच उघडलं, चार हजार मोजून बापाच्या हातात दिले आणि उरलेल्या तीन हजारात चांगले रनिंगचे शूज कुठं मिळतील म्हणून आम्हालाच दुकान विचारलं. तिच्या पायातल्या बुटाचा तळ अंगठ्याखाली फाटलेला होता, मी डोळ्यानं बघितलाय. सांगायचा मुद्दा, ११ हजार ही तिथं लई मोठी गोष्ट आहे.

आता यंदा एका ताईनं फॉर्म भरलाय. ट्रान्सजेंडर आहे, आमच्याच भागातली, ओढ्यावरच्या यल्लमाच्या आंबील यात्रेत आम्ही लहानपणापासून तिला बघत आलोय. वय २७. आधी तृतीयपंथी म्हणून आणि ऑपरेशननंतर महिला म्हणून, अशी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीची दोन्ही प्रमाणपत्रं जोडलीत. तीन वर्षं हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत असं तिनं स्वतःच लिहिलंय, आम्ही विचारलं नव्हतं. आणि पळते चांगली, ५ किलोमीटर वीस मिनिटांच्या आत. म्हणजे पहिल्या तिघींत येणार हे नक्की.

एका कोचचा फोन आला, ती पळणार असेल तर माझ्या पोरी येणार नाहीत. दुसरीकडं मंडळातलाच एकजण म्हणतो तिला काढलं तर माझा राजीनामा घ्या. मी नोंदणीच्या टेबलावर बसतो. फॉर्म देताना ती एवढंच म्हणाली, "दादा, चेस्ट नंबर कुठल्या रांगेतला मिळणार?" मी म्हटलं सांगतो ताई. याला आता आठ दिवस झाले.

मला दोन्हीकडचं पटतंय आणि तीच अडचण आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

---

पहाटे_पाचचं_मैदान

दादा, तो फोन केलेला कोच मी नाही, पण मी पण कोचच आहे आणि मी पण तोच फोन केला असता, हे आधीच सांगतो.

त्या ताईबद्दल मनात काही नाही. पण आकड्यांकडं बघा. ८०० मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम १ मिनिट ४०.९१ सेकंद, केनियाच्या डेव्हिड रुडिशाचा, २०१२ चा. बायकांचा १ मिनिट ५३.२८, यार्मिला क्रातोखविलोव्हाचा १९८३ चा, अजून कुणाला मोडता आलेला नाही. बारा सेकंदांहून थोडा जास्त फरक, म्हणजे बारा टक्के. वरच्या पातळीला पळण्यात हा दहा-बारा टक्क्यांचा फरक सगळीकडं दिसतो आणि तो मेहनतीनं भरून निघत नाही, नाहीतर चाळीस वर्षांत कुणीतरी भरला असता. माझी एक पोरगी ५ किलोमीटर १९ मिनिटांत काढते. दहा-बारा टक्के म्हणजे तिला दोन मिनिटं, म्हणजे ती अर्धा किलोमीटर मागं पडली. ती पहाटे साडेतीनला उठून म्हशींची धार काढून येते हो, आणखी किती लवकर उठायला सांगू तिला.

महिलांचा वेगळा गट हा याच फरकासाठी केलाय. पोलीस भरतीत पण पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर, गोळा पोरांना ७.२६ किलोचा आणि पोरींना ४ किलोचा. कुस्तीत ५० किलोच्या पोराला ७० किलोवाल्यापुढं कोण उभं करत नाही आणि त्यात ७० किलोवाल्याचा अपमान झाला असं पण कोण म्हणत नाही. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं मार्च २०२३ मध्येच ठरवलं की पुरुषी वयात येणं ज्यांच्या शरीरानं पार केलंय त्यांना महिलांच्या गटात घेता येणार नाही. जलतरणवाल्यांनी त्याच्या आधी २०२२ ला, आयसीसीनं नोव्हेंबर २०२३ ला. सगळ्यांनी विचार करूनच केलं असेल की.

---

रांगडा_गडी

कोच साहेब एकदम बरोबर. पॅरिस ऑलिंपिकला ती अल्जेरियाची ट्रान्सजेंडर बॉक्सर बघितली ना, ४६ सेकंदात समोरची पोरगी रडत बाहेर गेली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे.

---

सुनंदा_आठशे

@रांगडा_गडी भाऊ, इमान खलीफ ट्रान्सजेंडर नाही. ती मुलगी म्हणूनच जन्मली, मुलगी म्हणूनच वाढली. तिच्या पात्रतेवर वाद आहे तो वेगळा, पण ही जी गल्लत तुम्ही केली तीच सगळीकडं होते आणि तिची किंमत आमच्यासारख्यांनी मोजलीय म्हणून लिहायला बसले.

मी वीस वर्षांपूर्वी ८०० मीटर पळायचे, राज्य पातळीपर्यंत गेले. उंच, छाती सपाट, आवाज भरडा, ओठावर थोडी लव. एका स्पर्धेत मी पहिली आले आणि दुसऱ्या आलेल्या मुलीच्या सरांनी तिथंच ऑब्जेक्शन घेतलं, "ही पोरगीच आहे का बघा". दोन बायका मला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेल्या. पत्र्याची खोली होती, दाराला कडी नव्हती, एकीनं पाठीनं दार दाबून धरलं. तिथं काय झालं ते लिहीत नाही. बाहेर आले तर म्हणाल्या ठीक आहे, पदक घे. मी ते पदक घेतलं आणि त्या वर्षी पळणं सोडलं. मी ट्रान्स नाही, मला दोन पोरं आहेत.

शांती सौंदरराजन आठवते का कुणाला? २००६ चे दोहा एशियन गेम्स, ८०० मीटरचं रौप्य, वीटभट्टीवरच्या मजुराची लेक. लिंगचाचणीत नापास म्हणून पदक काढून घेतलं आणि ती बातमी तिनं टीव्हीवर बघितली. पिंकी प्रामाणिक, त्याच दोह्यात रिलेचं सुवर्ण, २०१२ ला अटक झाली, ती बाई आहे की पुरुष यावर देशभर चर्चा झाली, शेवटी २०१४ ला हायकोर्टानं सोडलं. द्युती चंदला २०१४ च्या कॉमनवेल्थ गेम्समधून ऐनवेळी वगळलं, तिनं लोझानच्या क्रीडा लवादात जाऊन लढा दिला आणि २०१५ ला रक्तातल्या पुरुषी हार्मोनच्या मर्यादेचा तो नियम स्थगित करायला लावला. या तिघीपण ट्रान्सजेंडर नव्हेत.

म्हणून आयोजक दादा, तुमचा निर्णय काय लागायचा तो लागू दे, पण एक करा. मैदानावर कुणाकडं तरी बोट दाखवून "ही बाई वाटत नाही" म्हणायची सोय ठेवू नका. त्या ताईला अडवण्यासाठी जो दरवाजा तुम्ही उघडाल त्यातून पहिली आत ढकलली जाईल ती शाहूवाडीची एखादी काटक, ओठावर लव असलेली पोरगी.

आणि कोच सर, म्हशीची धार काढून येणाऱ्या त्या पोरीचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं आहे. ती मीच होते. तिच्यावर अन्याय झालेला मला चालणार नाही.

---

डॉक्टर_रुईकर_कॉलनी

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगते, कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट ऐकलेलं फार फिरतं.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बायकांच्या रक्तात लिटरमागं साधारण २ नॅनोमोलच्या आत असतं, प्रौढ पुरुषांत साधारण ८ ते ३०. वयात येताना त्यामुळं उंची, हाडांची लांबी-जाडी, हृदय-फुप्फुसांचा आकार, स्नायू, हिमोग्लोबिन सगळंच वाढतं. त्याआधी मुलगा-मुलगीच्या पळण्यात फार फरक नसतो, तुमच्या शाळेतल्या चौथीच्या शर्यती आठवा. म्हणून "वयात येणं" हा मुद्दा नियमांत येतो, जलतरणवाल्यांच्या नियमात तर बारा वर्षांचा उल्लेखच आहे.

आता हार्मोन थेरपीनं काय होतं. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बायकांच्या पातळीला येतं. स्नायू मात्र वर्षभरात पाचेक टक्केच कमी होतात. हाडांची लांबी बदलत नाही. अमेरिकेच्या हवाई दलातल्या ट्रान्स स्त्रियांच्या फिटनेस टेस्टचा अभ्यास आहे, २०२० चा. दोन वर्षांच्या थेरपीनंतर पुश-अप आणि सिट-अपमधला त्यांचा वरचढपणा गेला, पण दीड मैल पळण्यात त्या इतर स्त्री सहकाऱ्यांपेक्षा सरासरी १२ टक्के वेगवान राहिल्या. म्हणजे "गोळ्या घेतल्या की बाई आणि ती सारखी" हे पण खरं नाही आणि "काहीच फरक पडत नाही, पुरुषच पळतोय" हे त्याहून खोटं. त्या ताईचा वेग तीन वर्षांपूर्वीपेक्षा कमी झालेला असणारच, तिला विचारून बघा.

आणखी एक. टोकियो ऑलिंपिकला लॉरेल हबार्ड ही न्यूझीलंडची ट्रान्स वेटलिफ्टर उतरली तेव्हा जगभर ओरड झाली. ४३ वर्षांची होती, स्नॅचच्या तिन्ही उचली फसल्या आणि बाहेर गेली. एका बाईचं उदाहरण घेऊन नियम करू नये, ना तिच्या बाजूनं ना विरोधात. आणि खेळ कुठला ते बघा. आपल्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या नेमबाजीत स्नायूंचा हा हिशोब लागूच होत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला स्कीट नेमबाजीत बाया-पुरुष एकत्र होते आणि सुवर्ण चीनच्या झांग शाननं जिंकलं. तुमची दौड मात्र पळण्याची आहे, तिथं फरक आहे आणि तो मान्य करून पुढं जावं लागेल.

---

रंकाळा_वकील

कायद्याचं दोन ओळीत. २०१४ च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क दिला, २०१९ च्या कायद्यानं भेदभावाला बंदी केली, पण खेळात कुठला गट द्यायचा यावर कायद्यात एक ओळ नाही. केरळ हायकोर्टानं २०२२ ला ज्युदोच्या एका प्रकरणात सांगितलं की ट्रान्स खेळाडूंसाठी आयोजकांनी काही सोयच केली नसेल तर तिला तिच्या पसंतीच्या महिला गटात खेळू द्या. तेव्हा "आमच्याकडं तुमच्यासाठी रकाना नाही, घरी जा" हे उत्तर टिकणार नाही. काहीतरी सोय करणं तुमच्यावर येतं. आणि जे ठरवाल ते नोंदणीच्या आधी छापा, नंतर नव्हे. तुम्ही छापलं नव्हतं ही चूक तुमची आहे, त्या ताईची नाही.

---

जोगवा_मागणारी

मी ती ताई नाही, पण असू शकले असते. इचलकरंजीत राहते.

आपल्याकडं जुन्या बायका सगळ्या "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. माझी आई, मावशी, आज्जी सगळ्या. त्यामुळं लहानपणी मी बोलताना काय बोलतोय याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं, घरात सगळ्याच बायका जातो-येतो म्हणायच्या आणि मी पण म्हणायचे, मला वाटायचं मी त्यांच्यातलीच आहे. नववीत शाळेच्या खो-खोच्या टीममधून, पोरांच्या, मला काढलं नाही कुणी, पण कपडे बदलायला जागा राहिली नाही. मग खेळ सुटला, शाळा सुटली, मग परडी आली. माझ्या ओळखीच्या दहा जणींत नऊ जणींची हीच कहाणी आहे.

डॉक्टर मॅडमनी लिहिलेलं मी दोनदा वाचलं. खरं आहे ते. मी भांडणार नाही. गोळ्या सुरू केल्यावर मला स्वतःला जिन्यात धाप लागायला लागली, पण माझे पाय लांबच आहेत, ते कुठं जाणार.

पण "वेगळा गट करा" म्हणणारे एक विसरतात. जलतरणवाल्यांनी २०२३ ला बर्लिनच्या वर्ल्ड कपला सगळ्यांसाठी खुला गट ठेवला होता, एकही नाव आलं नाही. का आलं नाही? कारण त्या गटात नाव द्यायचं म्हणजे गावापुढं उभं राहून सांगायचं की मी ती आहे. कोल्हापुरात तुम्ही तृतीयपंथी गट म्हणून पाटी लावाल तर त्या पाटीखाली ती एकटी उभी राहील आणि समोर साडेतीनशे बायका मोबाईल घेऊन. आम्हाला वेगळी रांग काय नवीन नाही हो, दवाखान्यात वेगळी, एसटीत शेजारची सीट रिकामी, रेशनला मागं थांबा. तिनं तुम्हाला बक्षीस किती म्हणून विचारलं नाही. रांग विचारली.

डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टानं सरकारला बजावलं तेव्हा कुठं पोलीस भरतीच्या अर्जात आमच्यासाठी रकाना आला. त्यानंतर आमच्यातल्या किती जणी पहाटे मैदानावर यायला लागल्या ते कोच सरांना माहीत असेल. त्या पोरींबरोबर पळतानाच तिला कुणीतरी "चल गं" म्हटलं असेल. तेवढ्यासाठी ती आलीय असं मला वाटतं, माझं चुकत पण असेल.

---

पहाटे_पाचचं_मैदान

@जोगवा_मागणारी ताई, हो, माझ्या मैदानावर दोघी येतात. माझ्या पोरी त्यांच्याबरोबर वॉर्म-अप करतात, पाण्याची बाटली पण एकच फिरते. पोरींना त्यांच्यासोबत पळायला काहीच वाटत नाही, निकालाच्या फळ्यावर नाव खाली गेलं की वाटतं. मी कालच्या लिहिण्यात "पळणार असेल तर पोरी येणार नाहीत" याला होकार दिला होता तो मागं घेतो. पळण्याला माझा विरोध नाही. पहिल्या तीन नंबरांवर मात्र मी आहे तिथंच आहे.

सुनंदा ताई, तुमचं वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. असलं ऑब्जेक्शन मी पण एकदा घेतलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका पोरीवर. ती कुठं आहे मला माहीत नाही. माझं चुकलं.

---

सुनंदा_आठशे

सर, लिहिलंत हे लई झालं.

आयोजक दादा, एक सुचवते. नंबराच्या बक्षिसाबरोबर वेळेवर पण काहीतरी ठेवा. अमुक मिनिटांत जी येईल तिला पदक आणि थोडी रक्कम. आमच्या वेळी असं असतं तर चौथ्या-पाचव्या आलेल्या किती पोरी टिकल्या असत्या. आणि त्यात कुणी कुणाचं काढून घेत नाही.

---

शिवाजीपेठकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री चौथी मीटिंग झाली, तुमचं सगळं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं. राजीनामा देणारा पण होता, फोनवाले कोच पण आले होते.

ठरलं ते असं. दौड एकच, सुरुवात एकच, चेस्ट नंबर सगळ्यांना महिलांच्याच रांगेतला. वेगळी पाटी नाही, वेगळा रकाना नाही. पहिल्या तीन नंबरांची रोख बक्षिसं जागतिक अॅथलेटिक्सच्या २०२३ च्या नियमाला धरून, म्हणजे पुरुषी वयात येणं ज्यांनी पार केलेलं नाही त्यांनाच. तपासणी कुणाचीच नाही, फॉर्मवर लिहून दिलेलं मानायचं, आणि मैदानावर कुणाच्या दिसण्यावरून आलेलं ऑब्जेक्शन ऐकून घेतलं जाणार नाही, कोच असो की नगरसेवक. २२ मिनिटांच्या आत येणाऱ्या प्रत्येकीला पदक आणि हजार रुपये, स्टेजवर बोलावून, नाव घेऊन. निकालाच्या यादीत सगळ्यांची नावं वेळेनुसार. त्यासाठी पैसे कमी पडत होते म्हणून यंदा कमान आणि डीजे रद्द केला, त्यावर जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या तीन मीटिंगांत मिळून झाली नव्हती. वकील साहेब, उद्या छापायला देतोय, आणि आधी न छापल्याबद्दल मंडळातर्फे त्या ताईची माफी पण मागितली.

माफी मागायला मीच गेलो होतो, सकाळी, तिच्या घरी. आईनं चहा ठेवला. मी कागद वाचून दाखवला, तिनं मध्ये काही विचारलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मी पहिली आले तरी पहिली नाही." मी म्हटलं हो. दुसरं काय बोलावं मला सुचलं नाही आणि खोटं बोलायचं नव्हतं. मग तिनं विचारलं की यादीत नाव कुठं येणार, वेळेप्रमाणं की खाली. मी म्हटलं वेळेप्रमाणं. तिनं कागद माझ्याकडनं घेतला, परत एकदा स्वतः वाचला आणि रविवारपर्यंत सांगते म्हणाली.

११८ नंबर तिच्या नावानं काढून ठेवलाय. अजून फोन आलेला नाही.